सुगरणीच्या नराचा पिवळा रंग आणि रक्तातले परजीवी: आराखडा तपासून हवा आहे

शिंदीची_फांदी

एमएस्सी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. दौंड तालुक्यात एका पडक्या विहिरीवर वाकलेली बाभूळ आणि तिच्यामागे शिंदीची सात झाडं, एवढ्या जागेत सुगरणींची वसाहत आहे. प्रश्न असा: ज्या नराच्या रक्तात मलेरियाच्या कुळातले परजीवी कमी, त्याच्या डोक्याचा आणि छातीचा पिवळा जास्त गडद असतो का? आणि माद्या अशाच नरांचे खोपे पसंत करतात का?

आराखडा: जुलै ते सप्टेंबर, ४० नर, मिस्टनेटने (बारीक दोऱ्यांच्या उभ्या जाळ्याने) पकडायचे. मोबाइलवर फोटो काढून पिवळेपणा मोजायचा. पंखाखालच्या शिरेतून रक्त घ्यायचं, हेपरिन (रक्त गोठू न देणारं द्रव्य) लावलेल्या केशनळीत. थोड्याचा स्मिअर (काचेवर ओढलेला पातळ थर), उरलेलं पीसीआरला (परजीवीचा डीएनए ओळखायला). ओळखीसाठी पायात लाल, पिवळी, निळी, पांढरी कडी. प्रत्येक नराचे किती खोपे पुरे झाले ते शेवटी मोजायचं.

पीसीआर यंत्र विभागातच आहे. स्पेक्ट्रोमीटर (परतलेला प्रकाश तरंगलांबीनुसार मोजणारं यंत्र) भौतिकशास्त्रवाल्यांकडे आहे, मागावा लागेल. यात काय चुकतंय ते मोकळेपणाने सांगा.

पीसमोजणी

प्रश्न चांगला आहे, पण दोन मोजमापांची वेळ जुळत नाही आणि ते सगळ्यात मोठं दुखणं आहे. पीस एकदा वाढून पुरं झालं की ते मेलेलं असतं, त्यात रक्त फिरत नाही. नराचा विणीचा पिसारा पावसाच्या तोंडावर येतो. त्या काही आठवड्यांत त्याने काय खाल्लं, आतडं किती धड होतं, यावर पिवळा ठरतो आणि तिथेच गोठतो. ऑगस्टमध्ये काढलेलं रक्त ऑगस्टची गोष्ट सांगतं. म्हणजे जुन्या पावतीशी आजची शिल्लक ताडून पाहण्यासारखं आहे. संबंध नाही निघाला तर तो खरंच नाही की वेळ चुकली, हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही.

उपाय दोन. एक, पकडण्याचा काळ पिसं फुटत असतानाचा ठेवा. डोक्यावर नळीत गुंडाळलेली, टोकाशी पिवळी डोकावणारी पिसं दिसतात तेव्हा. दोन, त्याच नराला हंगामात पुन्हा पकडा. दुसरा मार्ग लिहायला सोपा, करायला अवघड. एकदा जाळ्यात सापडलेला नर ती जागा लक्षात ठेवतो.

अमेरिकेतल्या हाउस फिंचवरचं काम वाचा, ते नेमकं याच मुद्द्यावर आहे. कोंबड्यांमधला मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा जिवाणू १९९४ मध्ये वॉशिंग्टन शहराच्या आसपास त्या फिंचमध्ये दिसला, डोळे सुजून बंद व्हायचे. पिसं येण्याच्या काळात ज्या नरांना लागण झाली होती त्यांची नवी पिसं फिकी आली. पिसं येऊन गेल्यावर आजारी पडलेल्याचा रंग मात्र तसाच राहतो.

आता रंग मोजण्याबद्दल. मोबाइलचा फोटो दोन कारणांनी बाद. फोन स्वतःच पांढऱ्याचा तोल बदलतो, त्यामुळे ढगाखालचा नर आणि उन्हातला नर एकाच फूटपट्टीवर येत नाहीत. आणि फोनला अतिनील दिसत नाही, सुगरणीला दिसतं. पक्ष्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या चार प्रकारच्या शंकुपेशी असतात, आपल्याकडे तीन. कॅरोटिनॉइडची (खाण्यातून येणाऱ्या रंगद्रव्याची) पिवळी पिसं ३५० नॅनोमीटरच्या आसपासही प्रकाश परतवतात, तो भाग आपल्या दृष्टीने काळोखच.

स्पेक्ट्रोमीटर मागाच. मागताना दिवा कुठला आहे ते विचारा. साधा टंगस्टन-हॅलोजन असेल तर अतिनील भाग मिळणार नाही. झेनॉन किंवा ड्युटेरियम-हॅलोजन हवा. पट्टा ३०० ते ७०० नॅनोमीटर. यंत्र रानात न्यायची गरज नाही: छातीच्या ठरलेल्या एकाच जागेवरून ८-१० पिसं चिमटीने, वाढीच्या दिशेने ओढून काढा. डोक्याची काढू नका, ती त्याची खरी जाहिरात आहे, तिथे टक्कल पाडलंत तर मादीच्या पसंतीचा तुमचाच प्रश्न तुम्ही बिघडवला. पिसं कागदी पाकिटात, अंधारात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये पावसाळ्यात बुरशी धरते, आणि उजेडात कॅरोटिनॉइड उडतं.

मोजताना पिसं अंगावर असतात तशी कौलांसारखी एकावर एक रचून, चमक नसलेल्या काळ्या कार्डावर चिकटवा. एकच पीस ठेवलंत तर मागचा काळा रंग मोजला जातो. प्रोबचं (यंत्राच्या प्रकाश टाकणाऱ्या-टिपणाऱ्या टोकाचं) अंतर आणि कोन ठोकळ्यात पक्का बसवा. दर नमुन्याआधी पांढऱ्या प्रमाण-चकतीवर शंभर आणि उजेड बंद करून शून्य लावा, दिवा तापत जातो तसे आकडे सरकतात. प्रत्येक नमुन्याची प्रोब उचलून-ठेवून पाच वाचनं. मग ७०० नॅनोमीटरच्या परावर्तनातून ४५०चं वजा करा आणि ७००च्या आकड्याने भागा. ही कॅरोटिनॉइडची सरळ खूण. २० नमुने दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून मोजा. दोन दिवसांचे आकडे जुळले नाहीत तर पुढच्या सांख्यिकीला अर्थ नाही.

पकडल्याची तारीख विश्लेषणात घ्याच. सप्टेंबरपर्यंत पिसं झिजतात, मळतात, आणि मळ आधी अतिनील भाग खातो. त्यातून हा पक्षी खोप्यात चिखलाचे गोळे लावणारा.

काचपट्टी

रंगाचं वर आलं आहे, रक्ताचं सांगतो.

हेपरिन काढून टाका. स्मिअरला चालतं, पण पीसीआरला मारक. सगळे नमुने निगेटिव्ह आले की लोक प्रायमरला (पीसीआर सुरू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला) शिव्या देतात, दोष नळीचा असतो. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं दुसरं द्रव्य) नळ्या घ्या किंवा साध्या नळ्या घेऊन हात चटकन चालवा.

सुगरण साधारण २५ ग्रॅमची धरा. वजनाच्या १ टक्क्याहून जास्त रक्त काढू नये हा सर्वमान्य दंडक, म्हणजे वरची हद्द २५० मायक्रोलिटर. तुम्हाला ५० पुरेत. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, त्यामुळे १०-२० मायक्रोलिटरमध्येसुद्धा डीएनए भरपूर मिळतो. शिरेवरची बारीक पिसं स्पिरिटच्या बोळ्याने बाजूला करा, स्पिरिट पूर्ण उडू द्या (ओल्या कातडीवर थेंब गोल न राहता पसरतो), मग २६ किंवा २७ गेजच्या सुईने नुसतं टोचा. सिरिंजने ओढू नका, शीर चपटी होते. थेंब आपोआप फुगतो, नळी आडवी धरून टेकवा. झालं की कोरडा कापूस मिनिटभर दाबून धरा, आणि सोडण्याआधी पंख उघडून पाहा. कातडीखाली निळसर फुगवटा धरला असेल तर अजून दाबा.

स्मिअरची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. पातळ स्मिअर ओढून लगेच वारा द्या. सेलवरचा छोटा पंखा पुरतो. दमट हवेत काच सावकाश वाळली तर पेशींच्या कडा दातेरी होतात आणि त्यांतला परजीवी ओळखू येत नाही. रक्त हवेत जास्त वेळ राहिलं तर हिमोप्रोटियस या मलेरियाच्या कुळातल्या परजीवीच्या जननपेशी गोल व्हायला लागतात, कारण त्यांना वाटतं आपण चावणाऱ्या माशीच्या पोटात पोचलो. त्याच दिवशी शुद्ध मिथेनॉलमध्ये २-३ मिनिटं स्थिर करा. मिथेनॉलची बाटली सतत उघडी राहिली की हवेतलं पाणी शोषते आणि तांबड्या पेशींत चकाकणारे बुडबुडे दिसतात. नवशिके तेच परजीवी म्हणून मोजतात. छोट्या बाटल्या, घट्ट बूच.

मग जिम्सा हा रंग १० टक्के, पीएच ७.२ च्या बफरमध्ये, ४५ ते ६० मिनिटं. द्रावण त्याच दिवशी बनवलेलं आणि गाळलेलं. रंगाचा साका हुबेहूब हिमोझॉइनच्या (परजीवीने हिमोग्लोबिन पचवून उरलेल्या गडद रंगद्रव्याच्या) कणांसारखा दिसतो. फोकस किंचित हलवा, साका पेशीच्या वर तरंगताना कळतो, कण पेशीच्या आत असतात.

तेल-भिंगाखाली १००० पटीवर किमान १०,००० तांबड्या पेशी पाहा. त्याआधी ४०० पटीवर अख्खी काच धुंडाळा, कारण ल्युकोसायटोझून हा त्यांच्या नात्यातला परजीवी मोठा असतो, यजमान पेशीचा आकारच बिघडवतो आणि त्यात हिमोझॉइनचे कण नसतात. हिमोप्रोटियसची जननपेशी केंद्रकाला दोन्हीकडून वेढा घालून बसते. रक्तातल्या पेशीत द्राक्षाच्या घडासारखी विभागणी चालू दिसली तर तो प्लाझ्मोडियम, म्हणजे खुद्द मलेरियाचा परजीवी. हिमोप्रोटियस ही विभागणी रक्तात करत नाही, इतर अवयवांत करतो. पण नुसत्या जननपेशी दिसल्या तर काही प्लाझ्मोडियमही तसेच दिसतात, तिथे पैज लावू नका.

पीसीआरला सायटोक्रोम बी या जनुकाचा नेस्टेड (दोन फेऱ्यांत चालणारा) प्रकार घ्या, ४८० बेसच्या आसपासचा तुकडा मिळतो. तो हिमोप्रोटियस आणि प्लाझ्मोडियम दोन्ही उचलतो, म्हणून पट्टी दिसली म्हणजे काम झालं असं नाही, सिक्वेन्सिंग करून मालअवी या पक्ष्यांच्या मलेरिया-परजीवींच्या डीएनए-कोशाशी ताडावं लागतं. दोन्हींची लागण एकत्र असेल तर एकच वर येतो. नेस्टेडमध्ये एका नळीतून दुसरीत जाणं सहज होतं, तेव्हा दर आठ नमुन्यांमागे एक पाण्याचा निगेटिव्ह ठेवा. आणि पीसीआर फक्त आहे-नाही सांगतो, किती ते काचच सांगते. दोन्ही हवीत.

त्याच काचेवर १०० पांढऱ्या पेशी मोजून हेटरोफिल आणि लिम्फोसाइट या त्यांच्या दोन प्रकारांचं गुणोत्तर काढा, फुकटात ताणाचा अंदाज मिळतो. ताणाचं संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन मात्र याच रक्तात मोजायच्या फंदात पडू नका: त्याला पक्षी जाळ्यात आदळल्यापासून ३ मिनिटांत रक्त हवं.

माळटिटवी

दोघांशी सहमत, तरी मूळ संख्येकडे कोणी बघितलं नाही. मध्यम प्रतीचा संबंध, म्हणजे सहसंबंध ०.३ धरला, तर तो ८० टक्के खात्रीने पकडायला सुमारे ८५ नर लागतात. ४० नरांत शक्यता जेमतेम निम्मी. त्यात लागण २० टक्के नरांत असली तर ४० पैकी ८ लागण झालेले. आठांवर काय सिद्ध करणार?

शिवाय जाळ्यात येतो तो उडणारा, धडपडणारा नर. तीव्र लागण झालेले एक तर झुडपात बसलेले असतात किंवा मेलेले. हाती लागतात ते जुनी, थोडीशी लागण पचवलेले. त्यामुळे निरोगी आणि आजारी यांतला फरक मुळातच दबलेला मिळतो.

१९८२ मध्ये हॅमिल्टन आणि झुक या जीवशास्त्रज्ञांनी मांडलं की भडक रंग म्हणजे परजीवींना तोंड देण्याच्या ताकदीची जाहिरात. मांडणी सुरेख, पण पुरावा एकसारखा नाही. जपानमध्ये मोरांवर सात वर्षं निरीक्षणं करून २००८ मध्ये जे प्रसिद्ध झालं त्यात लांडोरी पिसाऱ्याच्या डोळ्यांवरून नर निवडतात याला आधार मिळाला नाही. इंग्लंडमधल्या आधीच्या कामात मिळाला होता. घरचिमणीच्या नराच्या गळ्यावरचा काळा डाग दर्जा सांगतो, असं पाठ्यपुस्तकात असतं. २०१८ मध्ये सगळी माहिती एकत्र केल्यावर तो संबंध फारच लेचापेचा निघाला. तेव्हा "संबंध नाही" हे उत्तर आलं तर ते लिहिता येईल असा आराखडा ठेवा.

आणि कडी. पिवळी अजिबात नको. झीब्रा फिंचमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं की नराच्या पायात लाल कडं घातलं की माद्यांना तो जास्त आवडतो आणि हिरवं घातलं की नावडतो. तुमचा प्रश्नच पिवळ्याचा असताना पायात पिवळं घालून कसं चालेल? लालही वगळा. उरलेले रंग चिठ्ठ्या टाकून वाटा, आणि कड्याचा रंग विश्लेषणात घ्या.

रानवाट

खोप्यांवर कोणीच बोललं नाही, आणि सुगरणीत खरी मेख तिथे आहे.

सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला सुगरणीचं जे वेळापत्रक उलगडलं ते असं: नर खोपा अर्धा विणतो, शिरस्त्राणासारखा. माद्या येऊन आत शिरून पाहतात. एखादीने पसंत केला की तो बोगदा पुरा करतो, आणि ती अंड्यांवर बसली की शेजारी दुसरा खोपा सुरू करतो. म्हणजे "किती खोपे पुरे झाले" हा आकडा नराच्या यशाच्या जवळ जातो खरा. पण अर्धवट सोडलेले खोपेही मोजा. सहा सुरू करून एक पुरा होणं आणि दोन सुरू करून एक पुरा होणं, यांत फार फरक आहे.

पण मादी कशाला भुलते? पक्षी-अभ्यासक सुहेल क्वादर यांनी भारतातच केलेल्या कामात असं निघालं की मादीची निवड विणकामापेक्षा खोप्याच्या जागेवर जास्त अवलंबून असते: कुठल्या झाडाला, किती उंचीवर. तुमच्याकडे एक बाभूळ विहिरीवर आणि सात शिंदी जमिनीवर, म्हणजे जागेचा फरक आयताच आहे. प्रत्येक खोप्याचं झाड, जमिनीपासून उंची, खाली पाणी आहे की नाही, फांदीची जाडी, एवढं न टिपता पिवळ्याची गोष्ट केलीत तर विहिरीवरची जागा पटकावणारे नर योगायोगाने पिवळे निघतील आणि श्रेय रंगाला जाईल. विश्लेषणात जागा आधी, रंग नंतर.

वयाचाही घोळ आहे. नराला वयात यायला साधारण दीड वर्ष लागतं, मादीला एक. पहिल्यांदाच पिवळा झालेला नर फिका असेल तर तो लागणीमुळे की वयामुळे? वय नक्की कळत नसेल तर निदान दरवर्षी कडी घालत जा.

जाळं: १२ मीटरचं, चार कप्प्यांचं, १६ मिलिमीटर वीण. वसाहतीच्या झाडाखाली मुळीच लावू नका, अंड्यांवरच्या माद्या अडकतात आणि अंडी गार पडतात. अंड्यांवर एकटी मादीच बसते, नर तिची पाळी घेत नाही. नर विणायला पात्याच्या धांदोट्या आणतात त्या गवताच्या किंवा उसाच्या कडेला लावा. जाळ्यावरून नजर हटू नये. सुगरण मुठीत दोरे गच्च धरते, म्हणून आधी पाय सोडवा, मग पंख, शेवटी डोकं. चोच जाड आहे, बोटाचं कातडं सोलते. पावसाची सर दिसली की जाळं गुंडाळा, भिजलेला पक्षी अर्ध्या तासात थंडीने जातो.

परवाना: वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम १२ खाली, शास्त्रीय संशोधनासाठी. अर्ज नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक, वन्यजीव यांच्या कार्यालयात. अर्जात पकडणं, कडी घालणं, रक्त आणि पिसं काढणं, चारही वेगवेगळं आणि संख्येसह लिहा. "अभ्यासासाठी हाताळणी" असं मोघम लिहिलंत तर रक्त काढायला मुभा आहे असं धरता येत नाही. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीचा कागद आधी लागतो.

शिंदीची_फांदी

हे सगळं बघता ८५ नर, दोनदा पकडणं आणि सिक्वेन्सिंग एका हंगामात बसत नाही. प्रश्न लहान करायचा तर काय सोडू? मलेरिया की मादीची पसंती?

काचपट्टी

मलेरिया सोडा, आतड्यातले कॉक्सिडिया (एकपेशी परजीवी) धरा. कारण सरळ आहे. पक्ष्याला कॅरोटिनॉइड स्वतः बनवता येत नाही, ते खाण्यातूनच आतड्यावाटे येतं. कॉक्सिडिया नेमकं आतड्याचं अस्तर खराब करतात. म्हणजे परजीवी आणि पिवळा यांच्यामध्ये दिसणारी यंत्रणा आहे; रक्तातल्या परजीवीचा रंगाशी संबंध लावायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. अमेरिकन गोल्डफिंचमध्ये कॉक्सिडियाची लागण झालेल्या नरांची पिसं आणि चोच दोन्ही फिकी आल्याचं प्रयोगाने दाखवलं गेलं आहे.

शिवाय सुई लागत नाही. पकडलेला नर तळाशी स्वच्छ कागद घातलेल्या छोट्या खोक्यात ठेवा, बहुतेक जण दहा मिनिटांत विष्ठा टाकतात.

फक्त वेळ सांभाळा: चिमणीवर्गीय पक्ष्यांतल्या आयसोस्पोरा या कॉक्सिडियाच्या ऊसिस्ट (विष्ठेतून बाहेर पडणारी, कवचातली अवस्था) दुपारनंतर, संध्याकाळकडे बाहेर पडतात. सकाळी सातला घेतलेला नमुना रिकामा आणि त्याच पक्ष्याचा पाचचा नमुना भरलेला, असं सर्रास होतं. सगळे नमुने दुपारी चार ते सहा या वेळेतच घ्या. सकाळ-संध्याकाळ मिसळलंत तर तुम्ही लागण नाही, घड्याळ मोजलं.

नमुना २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये, झाकण सैल ठेवून, ऑक्सिजन मिळायला हवा. खोलीच्या तापमानाला काही दिवसांत ऊसिस्ट पक्व होतात. हातमोजे घाला, डायक्रोमेट कर्करोगकारक आहे आणि ते मोरीत ओतायचं नसतं. मग साखरेच्या संपृक्त द्रावणात, घनता १.२७ च्या आसपास, तरंगवून मॅकमास्टर काचेवर (चौकटी आखलेल्या मोजणीच्या काचेवर) मोजा. पक्व ऊसिस्टमध्ये दोन स्पोरोसिस्ट (आतल्या पिशव्या) आणि प्रत्येकात चार स्पोरोझॉइट (लागण करणारे जीव) दिसले तर आयसोस्पोरा. चार स्पोरोसिस्ट आणि प्रत्येकात दोन, तर आयमेरिया. विष्ठेचं वजन आधी करा, मिलिग्रॅममध्ये. संख्या दर ग्रॅमला लिहायची असते आणि पक्ष्यांची विष्ठा कधी पाणीदार, कधी घट्ट.

पीसमोजणी

+१. यात माझी एकच भर: कॉक्सिडियाचा नमुनाही पिसं फुटत असतानाच घ्या, नाहीतर पुन्हा तोच पावती-शिल्लकचा घोळ. मेच्या अखेरीपासून जून संपेपर्यंत संध्याकाळी जाळं, आणि त्याच नरांची छातीची पिसं वाढ पुरी झाल्यावर. नुसतं नळीतलं पीस काढलंत तर रंग अर्धाच भरलेला असतो आणि मोजणी वाया जाते.

आणि मिसरूड फुटल्यासारखे अर्धवट पिवळे नर दिसले तर ते कुठल्या सुगरणीचे ते नीट पाहा. रेघाळ सुगरण आणि काळ्या छातीची सुगरण यांच्याही नरांचं डोकं विणीत पिवळं होतं, आणि पाणथळीच्या कडेला तिन्ही एका जाळ्यात येऊ शकतात.

शिंदीची_फांदी

ठरलं: मे-जून, संध्याकाळचं जाळं, विष्ठा आणि पिसं, खोप्यांची जागा वेगळ्या तक्त्यात. रक्त या वर्षी नाही. परवान्याच्या अर्जातून रक्ताचा उल्लेख काढून टाकू की पुढच्या वर्षासाठी राहू देऊ?

रानवाट

काढा. अर्जात लिहिलेलं आणि न केलेलं प्रत्येक काम वर्षअखेरच्या अहवालात खुलासा मागतं. पुढच्या वर्षी दुरुस्ती-अर्ज करता येतो, त्याला पहिल्या वर्षाचा अहवाल जोडा.